टेम्पो पाठवण्याआधी मुलांची यादी करा

प्रश्न असा आला आहे: पिंपरीतल्या एका सोसायटीचा महिला गट आणि त्याच भागातलं गणेश मंडळ मिळून पूरग्रस्तांसाठी काम करतात. 2019 ला त्यांनी सांगलीकडे दोन टेम्पो पाठवले, 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानंतर माढा-परंडा भागात एक. 'सामान पोचलं, फोटो आले, पण नंतर त्या घरांचं, विशेषतः मुलांचं काय झालं ते आम्हाला माहीतच नाही. पुढच्या वेळी काय वेगळं करू?'

ताई, तुम्ही हा प्रश्न विचारलात यातच निम्मं काम झालं. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली. 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही महापूर अंगावर घेतले, आणि पहिल्या दोन्ही वेळी तुम्ही केलंत तेच केलं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मदतीचा पूर येतो तो पहिल्या आठ दिवसांत, आणि मुलांची खरी अडचण सुरू होते पंधराव्या दिवसानंतर. या दोन गोष्टींची गाठच पडत नाही. आठव्या दिवशी गावात बिस्किटांचे इतके पुडे असतात की पोरं ते कुत्र्यांना टाकतात. पस्तिसाव्या दिवशी त्याच गावात तिसरीतल्या पोराकडे वही नसते, आणि तोवर सगळे टेम्पो आपापल्या गावी परतलेले असतात.

2019 ला कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर होती, धोका पातळी 45. आकडे सांगते ते एवढ्यासाठी की आमच्याकडचा पूर येतो आणि लगेच जातो असा नसतो. पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवस घरात बसतं. ओसरल्यावर भिंतीला ओल, कपाटात गाळ, धान्याला कोंब आणि गावभर एक वास. त्या दिवसांत मी एका घरी साड्यांचं गाठोडं घेऊन गेले. म्हातारी म्हणाली, "साड्या ऱ्हाऊ देत बाई, खराटा हाय का?" त्या आठवड्यात खराटे, फावडी, घमेली, फिनेल आणि रबरी हातमोजे यांना सोन्याचा भाव होता, आणि मी मात्र साड्या वाटत फिरत होते. जुन्या कपड्यांचे ढीग पुढे रस्त्याकडेला पावसात कुजले आणि ते उचलायचं काम पुन्हा ग्रामपंचायतीच्याच गळ्यात पडलं. जुने कपडे पाठवू नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

एक गाव घ्या. गावही मोठं वाटलं तर एक वस्ती घ्या, पण ती वर्षभर धरून ठेवा. हायवेला लागून असलेल्या गावांना दहा वेळा किट मिळतात. आत चार किलोमीटर चिखलातून जावं लागतं त्या गावाला एकदा. गावाच्या टोकाला नदीकडेला पत्र्याच्या घरात राहणारी माणसं असतात, वीटभट्टीवरची आणि भाड्याच्या खोलीतली कुटुंबं असतात, इचलकरंजीसारख्या ठिकाणी मागावर काम करायला आलेले परप्रांतीय असतात. त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. पंचनाम्यात नाव लागतं घरमालकाचं. भाडेकरूची भांडी वाहून गेली तरी कागदावर त्याचं काही गेलेलं नसतं. मदत देवळासमोर वाटली, तर देवळासमोर कोण येतं आणि कोण येत नाही हे बघून घ्या. गावात कुणी तोंडाने सांगणार नाही, तुम्हालाच पाहावं लागेल.

आता यादी. किटची नव्हे, मुलांची. आमच्याकडे पाणी पायरीला लागलं की पहिल्यांदा पोरं आणि म्हातारी माणसं पै-पाहुण्यांकडे पाठवतात. आई-बाप जनावरांसाठी मागे राहतात, कारण म्हशी सोडून कुणी निघत नाही. त्यामुळे निवारा केंद्रात दिसतात ती सगळी मुलं नव्हेत. एक जयसिंगपूरला मावशीकडे, एक मिरजेला आत्याकडे, धाकटं आईच्या कडेवर. केंद्रातली डोकी मोजून यादी केलीत तर निम्मी मुलं सुटतील. यादी अंगणवाडीताई आणि शाळेतल्या गुरुजींकडून करून घ्या. ताईंकडे सहा वर्षांपर्यंतची नावं असतात, गुरुजींकडे हजेरीपत्रक असतं. आशाताईंना कुठल्या घरात गरोदर बाई आहे आणि कुठे ओली बाळंतीण आहे हे तोंडपाठ असतं. या तिघांबरोबर एका संध्याकाळी बसलात की एका वहीत वस्ती मावते.

वहीत पाच रकाने पुरे: मुलाचं नाव आणि वय, आत्ता कुठे आहे, कुणाजवळ आहे, शाळा-इयत्ता, आणि घरचं काय गेलं. 'कुणाजवळ' हा रकाना रिकामा राहिला तर तिथेच थांबा. सोबत नातेवाईक नसलेलं मूल आढळलं तर त्याला आपल्या घरी नेऊ नका, गावातल्या भल्या माणसाच्या हवालीही करू नका. 1098 ला फोन करा आणि पोलिसांना कळवा. अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करायचं, असा 2015 चा बाल न्याय कायदा आहे. हे लिहिते कारण पुरानंतर पांढऱ्या गाड्यांमधून माणसं येतात. 'दोन-चार पोरं आमच्या आश्रमात द्या, शिक्षण-जेवण सगळं फुकट' म्हणतात. त्यात चांगलेही असतात. पण सगळं वाहून गेलेला बाप त्या दिवशी कशालाही हो म्हणतो. संस्थेची नोंदणी कुठे, समितीचा आदेश कुठे, एवढंच विचारा. खरा असेल तो कागद काढतो. नसेल तो चिडतो.

तान्ह्या बाळांबद्दल एक चूक सांगते, ती माझ्या हातून झाली आहे. एका निवारा केंद्रात पाच महिन्यांचं बाळ होतं. आई म्हणाली, भीतीनं दूध आटलंय. कुणीतरी पाठवलेला दूध पावडरचा डबा आमच्याकडे होता, बाटलीही होती. मी दिली. तिथे उकळलेलं पाणी नव्हतं आणि बाटली धुवायला जागा नव्हती. चौथ्या दिवशी बाळाला जुलाब लागले, सहाव्या दिवशी सलाईन. बाळ वाचलं. पण तेव्हापासून मी पावडरच्या डब्याला हात लावत नाही. नंतर कळलं की तान्ह्या बाळांच्या दुधाचे डबे आणि बाटल्या फुकट वाटण्यावर आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंधन आहे, आणि त्याचं कारण हेच आहे. भीतीनं, उपाशीपणानं दूध कमी होतं, पण बाळाला छातीशी लावत राहिलं की पुन्हा येतं. त्या बाईला हवी असते आडोशाची जागा, पोटभर जेवण, प्यायला पाणी, आणि दोन मुलं वाढवलेली एखादी बाई शेजारी. आडोशाला दोन साड्या आणि सुतळी पुरते. आई नसलेलं बाळ असेल तर निर्णय डॉक्टरांचा, आणि तेव्हाही वाटी-चमचा, बाटली नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी जुलाब हाच शत्रू. ओआरएसची पाकिटं भरपूर ठेवा. त्याबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, त्या आशाताईंकडे मिळतात. तीन दिवसांत जुलाब थांबले की आया गोळ्या बंद करतात, म्हणून रोज आठवण करणारं कुणीतरी हवं. पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, पडलं की नाही हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळतं. गावच्या जलसुरक्षकाकडे ते किट असतं, त्यांच्याबरोबर शेवटच्या नळापर्यंत जा. टाकीजवळ क्लोरीन असतं, टोकाच्या नळाला नसतं, आणि टोकाच्या नळावर कोण राहतं ते वर लिहिलंच आहे. केंद्रात माणशी रोज 15 लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक संडास असं जगभरचं किमान मानक आहे. आमच्या एका केंद्रात पावणेदोनशे माणसांना दोन संडास होते, आणि तिथे रात्री दिवा नव्हता. वयात आलेल्या मुली अंधार पडल्यावर पाणी पीत नव्हत्या. दोन चार्जिंगचे दिवे आणि आतून लावायला कडी, त्या आठवड्यातला आमचा सगळ्यात कामाचा खर्च तो होता. सॅनिटरी पॅड पाठवा, पण सोबत कागदी पिशव्या आणि झाकणाचा डबाही पाठवा. टाकायचे कुठे, हा प्रश्न मुली विचारत नाहीत.

पुरानंतर महिनाभराने अंगणवाडीताईंना सगळ्या मुलांचे दंड मोजायला लावा. त्यांच्याकडे रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते अतितीव्र कुपोषण, थेट डॉक्टरांकडे. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे लक्ष ठेवायचं. पुरात अंगणवाडीचाच शिधा भिजतो, नवा यायला वेळ लागतो. तेवढ्या आठवड्यांत तुमच्या गटाने भरड, गूळ, शेंगदाणे, अंडी पुरवली तर ते पैसे किटपेक्षा कितीतरी कारणी लागतात. फक्त ताईंना विचारून पुरवा. गावात दोन चुली मांडल्या की भांडणं लागतात.

शाळेबद्दल मला जास्त लिहायचं आहे. 2019 ला पाणी ओसरल्यावर एका शाळेच्या व्हरांड्यात गेले. पोरांनी पुस्तकं उन्हात उपडी घातली होती, तंबूसारखी. पाचवीतली एक मुलगी वहीची पानं एकेक करून सोडवत होती, मधे जुनं वर्तमानपत्र घालत होती. शाई पसरलेली, अक्षर वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, नवी वही देते. म्हणाली, "नवी द्या, पण ह्यात माझं पाढे हाईत." त्या दिवशी मला कळलं की दप्तर म्हणजे नुसतं दप्तर नसतं. नव्या वहीबरोबर तिच्याशेजारी बसून पाढे उतरवून घेणारं माणूसही लागतं.

पाठ्यपुस्तकं सरकारकडून पुन्हा येतात, त्यावर पैसे घालू नका. वह्या, कंपास, स्वाध्याय, प्रयोगवही, बूट, छत्री यात घाला. बुटांचे नंबर आधी घ्या. आम्ही एकदा अंदाजाने चारशे जोड आणले, दीडशे मुलांना ते बसलेच नाहीत, आणि ते परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. चिखल उपसताना मुलं अनवाणी असतात, काच, खिळा, लेप्टोचा ताप, सगळं पायातूनच आत जातं. पाण्याच्या कडेने साप असतात ते वेगळंच. म्हणून पुस्तकाच्या आधी बूट.

कागदपत्रं गेली म्हणून कुणी शाळा सोडू नये. आठवीपर्यंत दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदाच तसं सांगतो. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जन्मतारीख आणि जात पुन्हा मिळते. पण तेही कपाटाच्या खालच्या फळीत ठेवलेलं असतं, म्हणून मे महिन्यात जाऊन ते वरच्या फळीवर ठेवलं का, एवढं बघा. फुकटचं काम आहे. त्याच फेरीत प्रत्येक घराला चेनची प्लास्टिक पिशवी द्या आणि रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, बाळाचं लसीकरण कार्ड यांचे फोटो त्यांच्याच फोनवर काढून द्या. तुमच्या फोनवर नको.

आता सीनेकडची गोष्ट, कारण तिथलं गणित आमच्याहून वेगळं आहे. आमच्याकडे पूर जुलै-ऑगस्टात येतो, ऊस बुडतो, पण माणूस गावातच राहतो. तिकडे सप्टेंबरात नदी आली, हाताशी आलेलं सोयाबीन गेलं, काही ठिकाणी शेतातली मातीच खरवडून गेली. महिनाभरात दिवाळी, आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ज्या घरात यंदा कुणी जाणार नव्हतं तेही मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतं आणि ऊसतोडीला कोयत्यावर जातं. पोरं बरोबर. धाकट्याला सांभाळायला थोरली. म्हणजे सप्टेंबरात तुम्ही ज्या मुलीला दप्तर दिलंत ती नोव्हेंबरात आमच्या शिरोळमध्ये कारखान्याच्या तळावर खोपटात असू शकते. मी बघते ना दरवर्षी.

म्हणून तिकडे काम करायचं तर तुमची खरी तारीख पूर ओसरल्याची नाही, टोळी निघण्याची आहे. त्याआधी घरोघर विचारा: यंदा कोण जाणार, मुलं कुणाकडे ठेवणार? मागे राहणाऱ्या मुलांसाठी शाळेला हंगामी वसतिगृह मागता येतं, त्यात मुलं आजीकडे राहतात आणि जेवणाची सोय शाळा पाहते. त्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत वेळेवर व्हावा लागतो आणि मंजुरीला उशीर होतो. मंजुरी येईपर्यंतचा महिना-दीड महिना पंचवीस मुलांचं जेवण तुमच्या मंडळाने उचललं तर पंचवीस मुलं गावात राहतात. मुलं निघालीच तर गुरुजींकडून शिक्षण हमीपत्र भरून घ्या, म्हणजे तळाजवळच्या शाळेत ती बसू शकतात. तळ कुठल्या कारखान्याचा हे वहीत लिहून ठेवा. मला कुणी असा फोन केला तर मी जाऊन भेटेन, आणि आमच्याकडे असे करणारे आणखीही आहेत.

दहावी-बारावीच्या मुलींकडे वेगळं लक्ष द्या. पुरात खर्च वाढला की आधी मुलीचा क्लास बंद होतो, मग एसटीचा पास, आणि मग 'चांगलं स्थळ आलंय' ऐकू येतं. पास आणि परीक्षा फी भरून टाका. रक्कम लहान असते. घरातला कर्ता पुरात गेला असेल तर सानुग्रह मदतीबरोबर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्या, मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. अर्ज भरणं, झेरॉक्स काढणं, तालुक्याला दोन फेऱ्या मारणं यासाठी गावात माणूस नसतो. तुमच्या गटात निवृत्त बँकवाले किंवा सरकारी नोकरीतून उतरलेले कुणी असतील तर ते टेम्पोभर सामानापेक्षा मोलाचे आहेत.

मुलं घाबरतात, त्याचं काय? ढग गडगडले की दप्तर उचलून दारात उभं राहणारं पोर मी पाहिलंय. रात्री अंथरूण ओलं करणारी तर बरीच. समुपदेशक मिळाला तर उत्तम, पण पहिले दोन महिने रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, तीच ताई दोन तास खेळायला घेते एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. दोरीच्या उड्या, लगोरी, चित्रं. 'पुराचं चित्र काढा' असं सांगू नका. काढायचं असेल तर ती आपणहून काढतात. एकाच वेळी दोन मोठी माणसं हजर हवीत, एकट्या माणसाने मुलांना कुठेही न्यायचं नाही, हा नियम देणगीदारालाही लागू. आणि हातात किट धरलेल्या मुलाचा फोटो काढायचा नाही. त्या पोराला पुढे दहा वर्षं त्याच गावात राहायचं असतं. एका कंपनीच्या लोकांनी आमच्याकडे मुलांना बॅनरमागे पाऊण तास उन्हात उभं केलं होतं, साहेब येईपर्यंत. त्यानंतर आम्ही नियम केला, बॅनर गाडीतच ठेवायचा.

पैशाचं थोडक्यात. दीड लाख जमले तर चाळीस हजारांच्या वर पहिल्या पंधरवड्यात खर्च करू नका. बाकीचे दिवाळीनंतरसाठी आणि मार्चसाठी ठेवा. देणारे कुरकुर करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. खात्यावर दोघांच्या सह्या, दर आठ दिवसांनी हिशोब कागदावर, आणि तो कागद तुमच्या सोसायटीच्या फलकावर लावता तसा त्या गावच्या चावडीवरही लावा. मंडळाची नोंदणी नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच पैसे गोळा करा. सामान शक्यतो तालुक्याच्या बाजारातच घ्या. पुरात तिथला दुकानदारही बुडालेला असतो.

पाणी चढलेलं असताना तुमची तरुण मुलं बोटी घेऊन धावतील, त्यांना अडवा. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, बायका-मुलं गेली. माणसं काढण्याचं काम एनडीआरएफचं आणि शिकलेल्या जवानांचं. आपण काठावर गरम पाणी, कोरडे कपडे आणि वही घेऊन थांबायचं.

सुरुवात मे महिन्यात करा, पावसाच्या आधी. गाव ठरवलंत की पहिली फेरी आठवड्यातल्या मधल्या दिवशी ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते, तुम्ही पिंपरीहून पोचेपर्यंत गुरुजी कुलूप लावून निघालेले असतात. येताना काही आणू नका. वही, पेन आणि बुटांचे नंबर घ्यायला मोजपट्टी, एवढंच.